बिनजोडचा फोन कोण उचलणार

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. किन्हवलीच्या एसटी स्टँडवर मी एका बाप्याच्या कानाखाली आवाज काढलाय. तो रांगेत घुसला तो घुसला, वर मलाच म्हणतो, "ए म्हातारे, सरक." म्हातारी? चाळिशी उलटली की बाई म्हातारी होते काय रे मुडद्या? घरात मी भांडी आदळते, रिक्षावाल्यांशी भांडते, शेजारणीच्या कुत्र्यालाही सोडत नाही. पण फोन उचलला की माझ्या तोंडात साखर पडते. "नमस्कार, बोला सर, काय मदत करू?" माझी सासू जिवंत होती तेव्हा म्हणायची, "फोनवर बोलते ती कुणाची सून गो? तिला आणा घरी आन् हिला धाडा माहेरी."

हा साखरेचा आवाज मी ठाण्याच्या एका कॉल सेंटरात शिकले. काही वर्षं तिथे काढली, मग रोजच्या येण्याजाण्याला कंटाळले आणि शहापुरात एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. धंदा काय? तर दुसऱ्याचे फोन उचलणं. धंदेवाल्याने आपला नंबर आमच्याकडे वळवायचा, आम्ही त्याच्या नावाने बोलायचं, निरोप घ्यायचा, वेळ द्यायची, आणि संध्याकाळी त्याला सगळं सांगायचं. लोक पोट धरधरून हसले. "दुसऱ्याचा फोन आपण कशाला उचलायचा? त्याचा हात मोडलाय काय?"

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते एका जेसीबीवाल्याचं. मशिनवर बसला की त्याला काही ऐकू यायचं नाही. खाली उतरला की मिस्ड कॉलचा ढीग. मग तो एकेकाला उलटा फोन लावायचा आणि सुरुवातच करायचा, "मेलो नाय मी अजून, कशाला बोंबलतोस?" एकदा एक माणूस वैतागून थेट साइटवर विचारायला आला, तर ह्याने हातातल्या पान्याने त्याचा दात पाडला. तो दात घेऊन माणूस मुरबाडच्या ज्या डॉक्टरकडे गेला, तो माझं दुसरं गिऱ्हाईक झाला. बिचारा पेशंटच्या तोंडात हात घालून उभा आणि टेबलावर फोन ठणाणा करतोय. उचलावा तर हात रक्ताने भरलेले, न उचलावा तर पेशंट दुसरीकडे जातो.

आम्ही दोघांचे फोन घेतले आणि दोघांचेही दिवस पालटले. जेसीबीवाल्याला वाटायला लागलं की आपल्याला लोक मान देतात. मान कसला देतायत! मान माझ्या आवाजाला होता. मालक भांडखोर असला तरी धंदा चालतो, त्याचा फोन भांडखोर असला की बसतो, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि त्याने ते हसून ऐकलं. ह्या कामाचा खरा फायदा तोच आहे. फोनवर बोलणाऱ्याचं स्वतःचं काही अडकलेलं नसतं. समोरचा शिव्या घालतो त्या मालकाला, आम्हाला नाही. शिवी आली की श्वास सोडायचा आणि "हो सर" म्हणायचं, एवढाच आमच्या खोलीतला नियम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण बुक्क्या दुसऱ्याच्या नावच्या असल्या की तितक्या लागत नाहीत, असं मी तेव्हा मानत होते.

आता नवऱ्याचं सांगते. त्याचं गाव टोकावड्याच्या पलीकडे, घाटाच्या बाजूला. तिथली भातशेती दीर बघतो. नवरा माझ्याबरोबर शहापुरात राहतो, पिकअप चालवतो, गरीब माणूस आहे, चहा गार झाला तरी तोंडातून शब्द काढत नाही. पण भात झोडून झाला, शेतं मोकळी झाली की त्याच्या अंगात येतं. बैलांची शर्यत! त्या दिवसांत तो गावीच पडून असतो, कारण तो तिथल्या कमिटीत आहे.

आमच्याकडे बिनजोड शर्यत चालते. दोनच छकडे शेजारी शेजारी सुटतात, एक जिंकतो आणि गुलाल घेतो, दुसरा मान खाली घालून बैल टेम्पोत चढवतो. एखाद्या मालकाने आपल्या बैलाचं नाव मैदानाला, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतीला, लावलं, की त्याच्याशी भिडायचं म्हणून जो पहिला फोन करेल त्याला ती जोड मिळते. पहिला म्हणजे पहिला. दुसऱ्याने घरी बसायचं. आणि नामांकित बैलाशी भिडायला मिळालं नाही की बापे असे पेटतात, जशी काय ह्यांची पोरगीच भर मांडवातून परत पाठवली.

गेल्या हंगामापर्यंत हा फोन माझ्या नवऱ्याकडे होता. तो खरं तेच सांगायचा. पण खऱ्याला विचारतो कोण? आमच्या भागात फोन उचलणारा माणूस एकटा नसतोच कधी. तो कुणाचा तरी भाचा असतो, कुणाचा साडू, कुणाच्या मावशीचा जावई. ज्याला जोड मिळाली नाही त्याने शोधून काढलं की मिळालेल्याची बहीण आमच्या दिराच्या सासुरवाडीत दिलेली आहे. झालं! मैदानावर छकडे सुटायच्या आधीच माझ्या नवऱ्याला घेरलं. मी तिथेच होते, बायकांच्या बाजूला. आधी थपडा, मग लाथा, मग कुणीतरी जुवाची शिवळ उपसली, ती बैलाच्या मानेजवळची लाकडी दांडी असते ना, ती, आणि त्याच्या डोक्यात घातली. नारळ फुटावा तसा आवाज आला. जोड मिळालेल्या बाजूचे सोडवायला धावले आणि सोडवता सोडवता त्यांनीही चार हाणल्या, कारण त्यांना वाटत होतं की हा आतून पलीकडच्यांना मिळालेला आहे. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्याची कवटी.

कल्याणला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "ह्या वेळी वाचले. ह्या जागी परत मार बसला तर मी काही करू शकणार नाही." पुढे कित्येक दिवस तो दारातून वाकून आत आला तरी मी धावत जाऊन चौकटीला हात लावून धरायचे, लागेल म्हणून.

आणि ह्या हंगामात कमिटीचे लोक परत आमच्या घरी! चहा पिता पिता त्यांचे म्हातारे अध्यक्ष म्हणतात, "फोन तुज्याकडंच असू दे रे, तुला सवय हाय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. खरंच काढून घेतला, अर्धा चहा धोतरावर सांडला. म्हटलं, "सवय? मार खायची सवय? तुमच्या घरात कवट्या नाहीत काय? एखादी तुमच्या पोराची फोडा की!"

नवरा म्हणाला, "अगो, मोठ्या माणसाशी..."

"तू गप्प बस. तुझं डोकं मी बांधून घेतलंय कल्याणला, तू नाही."

मग मीच म्हटलं, फोन माझ्या ऑफिसात वळवा. आम्ही उचलू. ज्याचा फोन आधी, त्याची जोड. ना कुणाचा मामा, ना कुणाचा साडू.

म्हातारे धोतर झटकत म्हणाले, "बाय, तू त्याची बायको ना गो? मंग फरक काय झाला?"

म्हातारा मूर्ख नव्हता. त्याने नेमकं दुखणं धरलं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं आणि ठरलं ते असं, की ऑफिस कुणाचं हे कमिटीबाहेर कुणालाच सांगायचं नाही. मैदानावर लोक नवऱ्याला त्याच्या गावावरून ओळखतात, त्याची बायको शहापुरात काय करते हे खालच्या बाजूच्या बैलवाल्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी कमिटीने गावदेवीसमोर नारळ ठेवून शपथ घेतली. देवीला काय वाटलं असेल ते तिला माहीत.

आणि फोन मी स्वतः घ्यायचा नाही असंही मी ठरवलं. माझ्याकडे एक पोरगी कामाला होती, लग्न होऊन आटगावात आलेली, माहेर पार विदर्भात. बैल म्हटलं की तिला पोळ्याचा रंगवलेला बैल आठवायचा, त्यापलीकडे काही नाही. तिचं बोलणंच वेगळं, "हो ना जी" म्हणायची. मी म्हटलं, अगं हेच पाहिजे. तुझ्या आवाजात इकडचं कुणीच नाही.

काय सांगू तुम्हाला, त्या बैलवाल्यांची अशी गंमत झाली! फोन करायचे जोडीसाठी आणि विचारायचे नातं. "मॅडम, तुमचा माहेर कुठला?" "मॅडम, तुमचे मामा कोन?" एकाने तर विचारलं, "तुमाला मुरबाडात कोन वळखतो?" पोरगी म्हणायची, "सर, मी कंपनीतून बोलते." "कंपनी कुनाची?" "कंपनीचीच आहे ना जी कंपनी." ह्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला होता ज्याच्यापर्यंत पोचायला कुणाचा ओळखीचा माणूसच सापडत नव्हता. शिव्या द्यायला तोंड उघडायचे आणि "सर" ऐकून मिटायचे. आठवड्यांमागून आठवडे गेले, मैदानं झाली, एकही डोकं फुटलं नाही. नवरा मैदानावर पाणी मारत होता, दोऱ्या बांधत होता, रात्री मला फोन करून सांगत होता की आज कुणी त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघितलं नाही. मी हवेत होते. मनात म्हणत होते, बघा, परक्याच्या हातात फोन दिला की माणसं वाचतात.

मग मोठं मैदान आलं. त्याला एका अशा बैलाचं नाव लागलं की ज्याचे फोटो लोक गाडीच्या काचेवर लावून फिरतात. नाव लागल्या लागल्या आमच्या खोलीत फोन खणखणायला लागला. पहिला फोन आला तो नाशिकच्या बाजूच्या एका मालकाचा. जोड त्याची झाली. त्याच्यामागोमाग, चहाचा घोटही उतरला नसेल, दुसरा आला. तो कल्याणच्या बाजूचा एक मोठा बैलमालक.

पोरीने सांगितलं, "सर, जोड लागलेली आहे."

आधी त्याने शिव्या घातल्या. मी शेजारी बसून ऐकत होते. पोरगी श्वास सोडत होती. मग अचानक तो रडायला लागला. मोठा बाप्या, फोनवर हुंदके. "बाय, माज्या बैलाचा हा शेवटचा साल हाय गो. पायात वात भरलाय त्याच्या. एकदा त्याच्याशी पळू दे, मंग मी त्याला घरी बांदतो, कंदी काढनार नाय." पोरीचे डोळे भरले. मला पण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पहिला तो पहिला. पोरगी म्हणाली, "मला वाईट वाटते ना जी, पण नाही होणार." त्याने फोन ठेवला.

त्याच्या डोक्यात काय शिजलं ते पुढे कळलं. आमच्याकडून फोन गेला की लोकांच्या स्क्रीनवर आमच्या ऑफिसचं नाव आणि शहापूर असं उमटायचं. त्याने गणित केलं: फोन उचलणारी शहापुरातच आहे, म्हणजे ती कुणाची तरी असणारच. कुणाचाच नाही असा माणूस ह्या मुलखात असतो कुठे? ती नाशिकवाल्याची असेल, नाहीतर कमिटीतल्या कुणाची. आणि हे कोण सांगणार? कमिटीतलाच माणूस. त्याची पोरं टोकावड्याच्या एका ढाब्यावर उतरली, तिथे माझा नवरा मिसळ खात बसलेला. उचलला त्याला, जीपमध्ये घातला, आणि मुरबाडवरून थेट शहापूर.

दुपारची वेळ. खाली हार्डवेअरवाला शटर अर्धं ओढून जेवायला गेलेला. जिन्यावर एकदम पुष्कळ पावलं वाजली. मी खिडकीतून खाली बघितलं, तर जीपच्या बॉनेटवर बैलाचा फोटो. मी पोरीला मागच्या मोरीत ढकललं, म्हटलं कडी लाव आणि मेली तरी बाहेर येऊ नकोस. तेवढ्यात दार लाथेने उघडलं.

चार-पाच जण असतील. मोबाइल, हेडफोन, खुर्च्या, सगळं आधी खाली आलं. एकाने काठीने कॉम्प्युटरची काच फोडली. मग फोनवर रडलेला तो मालक आत आला, पंचा खांद्यावर, डोळे सुजलेले. आणि त्याच्या मागून दोघांनी धरून आणलेला माझा नवरा. शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला, एक डोळा मिटत चाललेला. डोक्यावर टोपी नव्हती. ऑपरेशनची रेघ उघडी पडली होती.

मालकाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू बोलतेस फोनवर?"

"हो सर, मीच बोलते." हे कसं बोलले मला ठाऊक नाही. तोच आवाज आला तोंडात, फोनचा.

"कुनाची तू?"

"कुणाची नाही सर. कंपनी आहे ही."

"तुजा मालक काय करतो?" म्हणजे माझा नवरा. त्याची नजर माझ्या मंगळसूत्रावर होती.

"बाहेरगावी असतात."

"ह्याला वळखते?" त्याने नवऱ्याची मान धरून पुढे केली.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, जमिनीकडे बघत राहिला, आणि त्यावरून मला समजलं की ह्याने जीपमध्ये एवढा मार खाल्ला, पण माझं नाव काढलेलं नाही. मी हो म्हणाले असते तर काय झालं असतं? कमिटीवाल्याच्या बायकोने जोड विकली, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. त्याच खोलीत त्याला आडवा केला असता.

"नाही सर. कमिटीचे असतील. आम्ही फोनवरच बोलतो, चेहऱ्याने कुणाला ओळखत नाही."

"बाई," नवरा म्हणाला. मला. बाई. "बाई, ह्यांना सांगा जे हाय ते. माजा काय संबंध नाय तुमच्याशी."

मालकाचा विश्वास बसला नाही. तो जन्मभर बैल खरेदी करणारा माणूस, दात बघितल्याशिवाय वय मानणार नाही. त्याने पोराला खूण केली. पोराने नवऱ्याच्या पाठीत काठी घातली आणि मालक माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. दुसरी घातली. नवरा गुडघ्यावर आला. तिसरी बरगडीवर बसली आणि मला आतून मोडल्याचा आवाज ऐकू आला. मालकाची नजर हलत नव्हती. माझ्या पापणीकडे, माझ्या ओठांकडे.

माझं काय होत होतं ते सांगते. माझ्या पायाशी लोखंडी स्टूल होतं. ते उचलून त्या पोराचं थोबाड फोडावं, मालकाचे डोळे बोटांनी बाहेर काढावेत, चावावं, इतकं माझ्या हातांत आलं होतं. किन्हवलीला रांगेत घुसला म्हणून एकाला झोडणारी मी! आणि मी उभी. श्वास सोडला. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"सर," मी म्हटलं, "तुमची नाराजी मी समजू शकते."

पोराने काठी उलटी धरली, जाड बाजूने, आणि वर नेली. ह्या वेळी पाठीवर नाही. डोक्यावर.

मला विचार करायला वेळ नव्हता. रडले असते तर संपलं असतं. मधे पडले असते तर संपलं असतं. नको म्हटलं असतं, तरी त्या नको मध्ये बायको ऐकू आली असती. आणि माझ्या तोंडातून, त्याच साखरेच्या आवाजात, निघालं, "सर, डोकं फोडायचं असेल तर प्लीज खाली रस्त्यावर न्या. इथे लाद्या खराब होतात. रक्ताचे डाग निघत नाहीत, आणि खोली भाड्याची आहे."

काठी वरच राहिली. कुणीतरी हसलं. मालक माझ्याकडे बघत होता, मग त्याच्या खांद्यातून सगळा जोर निघून गेला. "ऱ्हाऊ दे रे," तो म्हणाला. "हिचा कोनी नाय ह्यो. कुनाचाच कोनी नाय हिचा. अशी बाई मी बगितली नाय." मग खूप दमल्यासारखा त्या मोडक्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "म्हंजे जोड खरी लागली त्याची. माजाच नशीब."

नवऱ्याला तिथेच टाकून ते गेले. जाताना एकाने मोडलेला हेडफोन उचलून टेबलावर ठेवला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेल्याचा आला, तोवर मी हलले नाही. मग मी किंचाळले. असं किंचाळले की हार्डवेअरवाला हात न धुता धावत वर आला आणि मोरीतून पोरगी रडत बाहेर आली. मी त्या लादीवर बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपून बघितलं, सगळं डोकं, रेघेवरून, कानामागून. शाबूत होतं. "दुखतंय का रे? अरे बोल ना मेल्या, दुखतंय का?" मी म्हणत होते आणि माझं नाक त्याच्या केसांत गळत होतं.

दवाखान्यात फोटो काढला. दोन बरगड्या, एक डोळा, ओठाला टाके. डोक्याला ओरखडासुद्धा नाही. मी पोलिसांत जाते म्हटलं, तर कमिटी पाया पडली, मैदानाची परवानगी जाईल म्हणून. आणि नवऱ्यानेच हात हलवून नको म्हटलं.

त्या मालकाने मात्र आमचं भलतंच केलं. जिथे जाईल तिथे सांगत सुटला, शहापुरात एक बाई हाय, दगड हाय दगड, तिच्यासमोर मानूस मेला तरी लाद्यांचा इचार करते, तिथं फोन लावा, तिथं वशिला चालत नाय. एकामागून एक मैदानांच्या कमिट्या आमच्याकडे आल्या. खोलीत आता नवे कॉम्प्युटर आहेत, आटगावच्या पोरीच्या हाताखाली दोघी आहेत. बिनजोडच्या फोनवरून ह्या भागात परत कुणाला मार बसल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हातारे अध्यक्ष येऊन म्हणाले, "बाय, तू जिकलीस." मी त्यांना चहा दिला आणि ह्या वेळी पूर्ण पिऊ दिला.

नवरा बरा झाला. पिकअप चालवतो. डोकं धडावर आहे, चालतं, हसतं, मला तेवढंच पाहिजे होतं. फक्त तो मला फोन करत नाही. आधी लग्न ठरलेल्या पोरासारखा दिवसातून दहादा करायचा, काही नसलं तरी. आता उशीर होणार असला तर पोरीच्या मोबाइलवर सांगतो, नाहीतर गाडी खाली लावून, बरगडीवर हात धरून जिना चढून वर येतो आणि तोंडाने सांगून जातो. मला वाटलं पैसे वाचवतोय, मग वाटलं फोन बिघडलाय. शेवटी एक दिवस मी जिन्यातच अडवलं आणि भांडण काढलं. म्हटलं, मी तुला वाचवायला बोलले ते. तुला कळत नाही? त्याशिवाय दुसरं काय बोलणार होते मी?

"कळतो ना गो," तो म्हणाला. "मला सगला कळतो. तू बोललीस म्हनून मी हाय." तो भिंतीला टेकला, दम घेतला. "पन तू फोन उचलतेस ना, आन् 'बोला' म्हनतेस. तवा मला वाटतं, आता ही इचारनार, कोन बोलतंय."